पाऊस सुरू झाला की गाडी आपोआप लॉक-अनलॉक होते, कुणाला अनुभव?

वेळणेश्वरकर
नमस्कार मंडळी. सेकंडहँड गाडी घेतलीय, बटण स्टार्टवाली, चावी खिशात असली की हँडलला नुसतं बोट लावायचं, उघडते. उन्हाळाभर मस्त चालली. आता मृग लागल्यापासून रात्री अंगणात उभी असताना मधेच टक्क, इंडिकेटर लुकलुकतात, आरसे उघडतात, मग जरा वेळाने परत टक्क आणि आरसे मिटतात, आणि हे पाऊस असेपर्यंत चालूच. पाऊस थांबला की गाडीपण गप्प. सर्व्हिस सेंटरला नेली तर स्कॅनर लावून म्हणाले एकही फॉल्ट कोड नाही, आणि वॉशिंगचं बिल हातात दिलं. परत गेलो तर म्हणे लॉकचं मॉड्यूल बदलून बघू. म्हणजे बघणार ते आणि पैसे माझे. आई म्हणते आधी राखणदाराला नारळ दे. हसू नका, बॅटरीपण उतरायला लागलीय.

खाडीकाठचा
दाराच्या लॅचमधला मायक्रोस्विच बघून घ्या. दार उघडं की बंद ते गाडीला तोच सांगतो, आणि आपल्याकडच्या खाऱ्या हवेत तो लवकर मरतो. माझी गाडी रोज दाभोळ-धोपावे फेरीने जाते, मागच्या दाराचा स्विच हिरवा पडलेला, दार घट्ट बंद असून मीटरवर उघडं दाखवायचं आणि चालवताना अखंड पीप पीप. काँटॅक्ट क्लीनर मारला, थोडे दिवस चालला, शेवटी लॅचच बदलावं लागलं.

चिरेबंदी
स्विच गेला असता तर बहुतेक लॉकच झाली नसती किंवा मीटरवर दार उघडं दिसलं असतं. इथे गाडी व्यवस्थित उघडतेय आणि व्यवस्थित बंद होतेय. वेळणेश्वरकर, रात्री चावी कुठे ठेवता?

वेळणेश्वरकर
पडवीतल्या खांबाला खुंटी आहे तिथे. गाडी पडवीला लागूनच असते, दुसरीकडे जागाच नाही. पण चावीला कुणी हात लावत नाही हो.

चिरेबंदी
हात लावायची गरजच नाही. गाडीच्या हँडलमध्ये अँटेना असतो, हँडलला काही लागलं की तो बारीक सिग्नल सोडतो, १२५ किलोहर्ट्झच्या आसपासचा, जेमतेम मीटर-दीड मीटर पोचणारा, चावी तेवढ्या टप्प्यात असेल तर ती ऐकते आणि ४३३ मेगाहर्ट्झवर उत्तर देते की मी आहे, उघड. आता तो सेन्सर बोट ओळखतो तो दाबामुळे नाही, विजेचा भार बदलल्यामुळे, आणि ओघळणाऱ्या पाण्याने पण तो बदलतो. तुमच्या पागोळ्या बरोबर ड्रायव्हर साइडच्या हँडलवर पडत असणार. गाडीला वाटतं मालक आले, उघडते. दार कुणी उघडत नाही म्हणून ३० सेकंदाच्या आसपास स्वतःच परत लॉक होते, बऱ्याच गाड्यांत ही सोय असते. पुढची धार पडली की परत पहिल्यापासून. फॉल्ट कोड येणार कुठून, गाडी तर तिचं कामच करतेय. दर वेळी आरशांच्या मोटरी फिरतात आणि आतले कॉम्प्युटर जागे होतात, त्यात बॅटरी उतरते. चावीचा सेल पण असाच लवकर संपतो.
मॉड्यूलला अजिबात हो म्हणू नका.

मालवणी_गजाली
माझी जुनी गाडीच बरी रे बाबा, चावी घातली फिरवली की उघडली. मे महिन्यात पुण्याचे पावणे इलेले, तारकर्लेक समुद्रात गेले ती स्मार्ट चावी हाफपँटीच्या खिशात घेवन. भायर इले तर गाडी वळखच देईना. चावयेच्या पोटात लोखंडी चावी आसता आणि हँडलावरच्या टोपणाखाली तिचा भोक आसता ह्या त्यांका म्हायतच नाय. मी दार उघडून दिलंय तर गाडी बोंबलूक लागली, अख्खी वाडी जमली. चालू तर झालीच नाय, दुसरी चावी पुण्यासून येयसर पावणे आमच्याकडेच, सोलकढी पित.

चिरेबंदी
😂 खाऱ्या पाण्यात पडली तर आधी सेल काढायचा, मग साध्या पाण्याने धुवून चांगली सुकवायची, सेल आत राहिला तर सर्किट फार लवकर खाल्लं जातं. आणि नुसता सेल संपला असेल तर चावीच स्टार्ट बटणाला टेकवून दाबा, बऱ्याच गाड्या चालू होतात, आतल्या चिपला सेल लागत नाही. काही गाड्यांत चावी ठेवायची जागा वेगळी असते, मॅन्युअलमध्ये बघा.

खाडीकाठचा
हे पटलं. मग चावी स्टीलच्या डब्यात ठेवून चालेल का? मुंबईला भाऊ ठेवतो, चोर सिग्नल लांबवून गाडी नेतात म्हणून.

चिरेबंदी
झाकण घट्ट असेल तर चालतं, पण डबा हातात घेऊन हँडलला बोट लावून बघा, उघडली तर डबा बदला. त्यापेक्षा माजघरात ठेवा.

वेळणेश्वरकर
करून बघितलं. खिशात चावी ठेवून तांब्याने हँडलवर पाणी सोडलं, तिसऱ्या धारेला टक्क!! चावी आत देवघराजवळ ठेवली तेव्हापासून धो धो पावसात पण गाडी हूं की चूं करत नाही. चावीत सीआर २०३२ सेल नवा घातला. आईने नारळ दिलाच. आता पडवीला पन्हळ पण लावून घेतो, कधीची राहिलीय.

खाडीकाठचा
पन्हळ पत्र्याची की पीव्हीसीची? पत्र्याची घेऊ नका, सांगून ठेवतो.