मदत हवी आहे: बागेतली पेव्हर ब्लॉकची वाट मध्येच खचली, सगळी उखडावी लागेल का?

मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, पण अर्धवट माहिती दिली तर तुम्ही पुन्हा विचारणारच.

मागच्या दारापासून बागेतल्या अवजारांच्या खोलीपर्यंत मी स्वतः पेव्हर ब्लॉकची वाट घातली. लांबी ९ मीटर, रुंदी ९० सेंमी. ब्लॉक नेहमीचे आयताकृती, २०० बाय १०० मिमी, जाडी ६० मिमी. झाली तेव्हा इतकी देखणी दिसत होती की आठवडाभर येईल त्याला मी तिच्यावरून चालवून आणत होतो. मग मोठा पाऊस झाला. आता साधारण मध्यावर मीटरभर भाग बशीसारखा खचलाय आणि तिथे पाणी साचतं. दोन्ही कडांचे ब्लॉक बाहेर सरकलेत, सांधे फाकून काही ठिकाणी करंगळी जाते. बाकीची वाटही सरळ म्हणवत नाही. चालताना तीन-चार ब्लॉक टक-टक वाजतात.

काय केलं होतं ते सांगतो. १५ सेंमी खणलं. तळ वरखाली होता. त्यावर साधारण ४ सेंमी खडी पसरली, पायांनी आणि फळीने दाबली. वर ५ सेंमी वाळू, आणि जिथे खोलगट वाटलं तिथे आणखी वाळू टाकून लेव्हल करून घेतली. मग ब्लॉक, रबरी हातोड्याने ठोकून. सांध्यांत वाळू झाडली. कडेला काही नाही, खणलेली माती परत ओढून घेतली.

खचलेला भाग तेवढा उचलून खाली वाळू भरली तर भागेल का? की सगळंच काढू? आणि कडा कशा आवरायच्या?

प्रतिसाद

‘खोलगट वाटलं तिथे आणखी वाळू’ इथेच मी कपाळाला हात लावला. वाळूचं काम गादीचं आहे, भरावाचं नाही. एका जागी ३ सेंमी आणि शेजारी ७ सेंमी वाळू असेल तर ७ वाली जास्त दबणार, म्हणजे वरचे ब्लॉकही तेवढेच खाली जाणार. खालच्या खडीची जी लेव्हल असते तीच शेवटी वर दिसते.

पण आधी तपासा. खचलेल्या जागचे आठ-दहा ब्लॉक उचला. खडी कसली आहे? नुसती एका मापाची, मोकळी, की कच (दगडाचा बारीक चुरा) मिसळलेली? वाळू पिठासारखी बारीक की जाडसर? आणि खचलंय ते एकाच जागी का, याचाही विचार करा. तिथे पूर्वी काही होतं का?

धागाकर्ता

उचलले. पहिला ब्लॉक निघेना, दोन खुरपी दोन्ही बाजूंनी घालून काढला. बाकीचे मग हातानेच निघाले.

खडी २० मिमीची, स्वच्छ, कच अजिबात नाही. गंमत म्हणजे अर्धी वाळू जागेवर नाहीच! ब्लॉकखाली एका ठिकाणी चक्क पोकळी होती, बोटाने वाळू उकरली तर ती खडीच्या फटींत उतरलेली दिसली. उरलेली वाळू अगदी बारीक आहे. पाऊस थांबून तीन दिवस झाले तरी ती चिखलासारखी ओली होती. वर मुंग्यांनी सांध्यांतून वाळू काढून छोटे ढीग केलेत ते वेगळंच.

आणि हो, तिथे पूर्वी कंपोस्टचा खड्डा होता. मीच बुजवला होता. पार विसरलो होतो.

दुसरा प्रतिसाद

एवढा खटाटोप कशाला? सिमेंटचं पातळ पाणी करून सांध्यांत ओता. दगड होईल. आमच्याकडे तसंच केलंय.

प्रतिसाद

वरचा सल्ला कृपया ऐकू नका. ही वाट ब्लॉक एकमेकांत घट्ट बसून भार वाटून घेतात म्हणून टिकते. खालची जमीन थोडी हलली तर सांध्यातली वाळू ती हालचाल पोटात घेते. सिमेंट ओतलं तर तळ हलेपर्यंत सगळं छान दिसतं, मग तडे जातात. शिवाय पुढे पाइप टाकायला ब्लॉक काढायचे झाले तर फोडूनच काढावे लागतात. तुम्ही आत्ता खुरप्याने दहा ब्लॉक सहीसलामत काढलेत ते सिमेंट नव्हतं म्हणूनच.

मूळ प्रश्नाचं उत्तर: सगळी काढा. नुसता खड्डा असता तर तेवढाच भाग दुरुस्त करा म्हटलं असतं, पण मोकळी खडी आणि मोकळ्या कडा तर ९ मीटरभर आहेत. ब्लॉक वाया जात नाहीत, घासून परत वापरा.

खोली २० सेंमी धरा: १० खडी, ४ वाळू, ६ ब्लॉक. यावेळी खडी कच मिसळलेली घ्या, म्हणजे दाबल्यावर फटी बुजतात आणि वाळू खाली गळत नाही. तुमची जुनी खडी टाकू नका, तिच्यात कच मिसळून पुन्हा वापरता येईल. ८.१ चौरस मीटरला १० सेंमी म्हणजे दाबलेली खडी ०.८१ घनमीटर. दाबल्यावर ती बसते, म्हणून सैल माल साधारण १ घनमीटर लागेल. माती चिकण असेल तर तळाला जिओटेक्स्टाइल कापड अंथरा, खडी मातीत रुतत नाही.

कंपोस्टच्या खड्ड्यात काळी, मऊ माती संपेपर्यंत खणा. पहार टोचली की ठणठणीत लागलं पाहिजे. मग तो खड्डा थराथराने खडीने भरून दाबत या. कुजणारं काहीही खाली राहिलं तर पुन्हा बशी होईल.

दाबायला प्लेट कॉम्पॅक्टर (थरथरून खडी दाबणारं यंत्र) भाड्याने मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तरी पायवाटेपुरतं धुम्मस (हाताने ठोकायचं जड अवजार) चालेल, फक्त मग ५-५ सेंमीचे थर करा आणि हात दुखले म्हणून शेवटचा थर सोडू नका. (मी सोडला होता. दिसतो अजून.)

धागाकर्ता

कडा आणि उतार? मी वाट पूर्ण सपाट ठेवली होती, स्पिरिट लेव्हलचा बुडबुडा बरोब्बर मध्ये आणून. तेव्हा फार अभिमान वाटला होता.

प्रतिसाद

सपाट वाटेवर पाणी थांबतं. रुंदीच्या दिशेने, घरापासून दूर, ढाळ द्या. ९० सेंमीला १८ मिमी पुरे, म्हणजे २ टक्के. सोपी युक्ती: ९० सेंमीची सरळ पट्टी घ्या, खालच्या बाजूच्या टोकाखाली १८ मिमीची लाकडी चकती ठेवा आणि वर लेव्हल. बुडबुडा मध्ये आला की ढाळ बरोबर. वाट घराला टेकते तिथे ती भिंतीतल्या ओल अडवणाऱ्या थरापेक्षा १५० मिमी तरी खाली हवी, नाहीतर भिंतीला ओल येईल.

कडा आधी, मधला भाग नंतर. दोरी ताणा, कडेच्या ब्लॉकची रांग काँक्रीटवर बसवा आणि बाहेरून काँक्रीटची टेकण द्या. ती ब्लॉकच्या निम्म्या उंचीपर्यंतच ठेवा, वर मातीला जागा राहते आणि गवत कडेपर्यंत येतं. दुसरी कड बसवण्याआधी एक आडवी रांग कोरडीच मांडून बघा आणि त्या मापाने कड सरकवा. ९० सेंमीचा आग्रह धरून प्रत्येक रांगेत ब्लॉक कापत बसण्यापेक्षा ९१ किंवा ८९ केलेली बरी.

वाळू जाडसर, धुतलेली. मुठीत दाबली की गोळा टिकावा, पण पाणी गळू नये, इतपत ओलसर. दोन्ही बाजूंना सारख्या जाडीचे दोन पाइप ठेवून त्यांवरून पट्टी ओढा, पाइप काढा, चर भरा. पट्टी ओढलेल्या वाळूवर पाय ठेवायचा नाही! मांडलेल्या ब्लॉकवर गुडघे टेकून पुढे पुढे जायचं. ब्लॉक कडेपेक्षा ५-७ मिमी वर ठेवा, ठोकल्यावर ते बसतात.

आणि लांब सांधे वाटेच्या दिशेने घातले होते का? फाकलेत त्यावरून तसं वाटतंय.

धागाकर्ता

हो. लांबलचक रेघा छान दिसतील म्हणून.

प्रतिसाद

यावेळी आडव्या रांगा घाला, एकाआड एक अर्ध्या ब्लॉकने सुरुवात करून. हेरिंगबोन (ब्लॉक एकमेकांना काटकोनात लावून केलेली मांडणी) सगळ्यांत घट्ट बसतो, पण कडेला कापाकापी फार. पायवाटेला आडव्या रांगा पुरतात. शेवटी सांध्यांत बारीक आणि पूर्ण कोरडी वाळू झाडा, ब्लॉकवर फळी ठेवून ठोका, परत झाडा. पहिल्या पावसानंतर सांध्यांतली वाळू खाली बसलेली दिसेल, तेव्हा पुन्हा एकदा भरा.

धागाकर्ता (अपडेट)

झालं. एकूण पाच सुट्ट्या गेल्या. कंपोस्टचा खड्डा अपेक्षेपेक्षा खोल निघाला, गुडघ्याच्या वर. तळाशी माझीच हरवलेली कात्री सापडली, गंजलेली. खडी दाबण्यातच दोन दिवस गेले, पण तिसऱ्या थरानंतर धुम्मसचा आवाज बदलला. आधी धप्प, मग टण्ण. तो ऐकल्यावर कुठे थांबायचं ते कुणी सांगावं लागलं नाही.

काल घमेलंभर पाणी वाटेच्या वरच्या कडेला ओतलं. सगळं सरळ झाडांकडे गेलं, मध्ये कुठे थांबलं नाही. दारापासून तिसऱ्या रांगेतला एक ब्लॉक मात्र अजून डुगडुगतो. उद्या उचलून खाली काय आहे ते बघतो.