मदत हवी आहे: दोन भिंती आणि तेरा चित्रं

मार्चमध्ये निवृत्त होतोय. कोथरूडचं मोठं घर सोडून आम्ही दोघं तळेगावला वन बीएचकेमध्ये जातोय. चित्रं लावण्याजोग्या भिंती दोनच, त्यातल्या एकीला पावसाळ्यात ओल येते.

सासऱ्यांनी काढलेली कोकणातली अकरा जलरंगातली चित्रं आहेत. शिवाय डहाणूहून आणलेलं, गेरूने सारवलेल्या कापडावरचं वारली चित्र आणि आजीच्या देवघरातली रविवर्मा प्रेसची लक्ष्मी. तिचा कागद मागच्या पुठ्ठ्यामुळे तपकिरी पडलाय, कडा तुटतायत.

बायको म्हणते, बाबांचं एकही चित्र देणार नाही. मलाही ते पटतं. पण दहा चित्रं पलंगाखाली ठेवली तर बुरशी नाही का लागणार?

आलटूनपालटून लावावीत का? उरलेली कशात गुंडाळून ठेवावीत? आणि लक्ष्मीची फ्रेम पुण्यात कोण जपून उघडेल? अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा.