एका मताने काय फरक पडतो?

सातारकर: काल एकाने इथे टाकलं, "एका मताने निकाल फिरायची शक्यता जवळजवळ शून्य, मग उन्हात रांगेत कशाला उभं राहायचं?" वाचून डोकंच फिरलं. अहो २००८ ला नाथद्वाऱ्यात सी. पी. जोशी एका मताने पडले, ६२,२१५ विरुद्ध ६२,२१६. राजस्थान काँग्रेसचा प्रदेशाध्यक्ष माणूस! २०१७ ला मुंबईत २२० नंबरच्या वॉर्डात मतं समसमान, शेवटी चिठ्ठी काढून नगरसेवक ठरवला.

गणितवेडा: पोस्ट माझी आहे. हजारो निवडणुकांतून तुम्ही दोन शोधल्यात. लॉटरी लागलेल्याचाच फोटो पेपरात येतो, बाकी लाखोंचा येत नाही. आणि मी घरी बसलो म्हणून इतर कोणी घरी बसत नाही.

सातारकर: शक्यता लहान, मान्य. पण नुसती शक्यता बघून कसं चालेल, तिला परिणामाने गुणा की. पाच लाखात एक धरा, आणि निकालावर पंधरा लाख लोकांचं पाणी, रस्ते, दवाखाने अवलंबून. गुणाकार शून्य येतो का?

माई: गुणाकार राहू द्या, आधी यादीत नाव तर पाहिजे! सासूबाई ८१ च्या, चाळीस वर्षं एकाच शाळेत मतदान केलं, यावेळी नावच गायब. रिक्षाने तीन केंद्रं फिरवली, शेवटी म्हणे फॉर्म ६, म्हणजे यादीत नाव नोंदवायचा अर्ज, भरा. मतदानाच्या दिवशी! आणि सासरे जाऊन सहा वर्षं झाली, त्यांचं नाव आहे.

चाकरमानी: आमचं नाव गावाला आणि पोट मुंबईत. पगारी सुट्टी कायद्यात आहे, पण मालकाने दिवस कापलाच, वर एसटीचं भाडं.

गणितवेडा: मग हेच तर म्हणतोय, मताची किंमत त्या भाड्याएवढीही नाही.

माई: तोंड सांभाळून बोला. सासूबाई घरी येऊन रडल्या, आपण जिवंत आहोत की नाही म्हणाल्या. बसवा ते तुमच्या गणितात.

गणितवेडा: त्यांच्याबद्दल मी एक शब्द बोललो नाही, उगाच अंगावर येऊ नका.

सातारकर: २०२४ ला वायव्य मुंबईत नऊ लाखांवर मतं पडली आणि खासदार ठरला ४८ मतांनी. अशी गायब नावं एका बिल्डिंगीत निघतील. आणि तुम्ही नुसते घरी बसला नाहीत, इथे लिहिलंत. वाचून पन्नास जण बसले तर ते एक मत राहतं का?

गणितवेडा: बरं, जाहीर लिहायला नको होतं, एवढं मान्य. एकट्याच्या मताचं गणित मात्र मागे घेत नाही.

माई: नका घेऊ. सासूबाईंचा फॉर्म ऑनलाइन भरतेय, फोटो अपलोड होत नाहीये, कोणाला जमलंय का?