पेरोनियल नर्व्हची सिस्ट : नर्व्हच्या आत की बाहेर?

प्रश्न
फिब्युलाच्या (नडगीच्या बाहेरच्या बाजूचं बारीक हाड) मानेपाशी, पेरोनियल नर्व्हजवळ (पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंची नर्व्ह) लांबट गाठ आहे, पाऊल वर उचलता येत नाही. सोनोग्राफीत आतून पूर्ण काळी, डॉपलरवर रक्तप्रवाह नाही. गँगलियन (सांध्यापाशी होणारी घट्ट द्रवाची सिस्ट) नर्व्हच्या आवरणात शिरलंय की बाहेरून दाबतंय, हे एमआरआयवर कसं ठरवायचं? कॉन्ट्रास्ट लागेलच का?

उत्तर १
आधी स्कॅन किती भाग घेतोय ते बघा. गुडघ्याचा नेहमीचा प्रोटोकॉल फिब्युलाच्या मानेच्या आसपास संपतो. सिस्ट मात्र नर्व्हमधून वर सायॅटिकपर्यंतही (मांडीमागची मुख्य नर्व्ह) चढू शकते. ॲक्सियल (आडव्या कापाची) टी१ (चरबी उजळ) आणि टी२ फॅट-सॅट (चरबी दाबून द्रव उजळ) चित्रं, ३ मिमी किंवा त्याहून पातळ स्लाइस, लहान फील्ड ऑफ व्ह्यू (प्रत्येक स्लाइसमध्ये टिपलेलं क्षेत्र). खरं उत्तर ॲक्सियलवरच मिळतं. सिस्ट आवरणाच्या आत असेल तर फॅसिकल्स (नर्व्हमधल्या तंतूंचे जुडगे) एका कडेला ढकललेले दिसतात, खड्याच्या अंगठीसारखे. बाहेरचं गँगलियन अख्खी नर्व्हच बाजूला सारतं. मग वरच्या टिबिओफिब्युलर सांध्याकडे जाणारी सिस्टची शेपटी शोधा. फिब्युलाच्या मानेला पुढून आडवी वळसा घालणारी पांढरी रेघ दिसली, तर ती नर्व्हची सांध्याकडे जाणारी फांदीच. बारीक असते, जाड स्लाइसमध्ये हरवते.

उत्तर २
शेपटी स्पष्ट दिसली तर कॉन्ट्रास्टवाचून चालतं. नाही दिसली तर द्याच. मिक्सॉइड श्वानोमा (नर्व्हच्या आवरणाची, आतून जेलीसारखी गाठ) टी२ वर हुबेहूब सिस्टसारखा चमकतो आणि सोनोग्राफीतही काळा दिसून मागे उजळ पट्टा देतो. गॅडोलिनियमनंतर (एमआरआयचा कॉन्ट्रास्ट) सिस्टची फक्त पातळ कड उजळते, श्वानोमाचा घट्ट भाग आतून उजळतो. डॉपलरवर एवढ्यात विसंबू नका: पीआरएफ (दर सेकंदाला सोडलेल्या लहरींच्या स्पंदांची संख्या) जास्त ठेवला किंवा प्रोब दाबून धरला की बारीक प्रवाह दिसतच नाही.

उत्तर ३
वरच्या दोन्हींशी सहमत, पण रिपोर्टमध्ये सांध्याच्या फांदीचा उल्लेख हवाच. मेयो क्लिनिकच्या रॉबर्ट स्पिनर यांनी २००३ मध्ये मांडलं ते हेच: द्रव सांध्यातून या फांदीवाटे नर्व्हमध्ये येतो. फांदी न तोडता नुसती सिस्ट रिकामी केली तर ती पुन्हा भरते. सुईने द्रव काढला तरी तेच.

स्नायूही तपासा. टिबिअलिस अँटिरिअर (पाऊल वर उचलणारा स्नायू) टी२ फॅट-सॅटवर उजळ असेल तर इजा ताजी. टी१ वर चरबी दिसली तर जुनी, आणि ताकद परत येण्याची आशा कमी. टिबिअलिस पोस्टिरिअरही उजळ असेल तर नुसत्या पेरोनियलवर थांबू नका. तो टिबिअल नर्व्हचा स्नायू, तेव्हा एल५ रूट (कमरेच्या कण्यातून निघणारं पाचव्या नर्व्हचं मूळ) आणि सायॅटिक बघा.