‘द एक्सपान्स’चे पहिले पर्व : आपले मत काय?

सांजवारा

‘द एक्सपान्स’ या विज्ञानकथेवरच्या मालिकेचे पहिले पर्व नुकतेच पाहून संपवले. ज्यांनी ते पाहिले आहे त्यांची मते जाणून घेण्यासाठी हा धागा काढत आहे. चर्चेत सगळ्याच घटनांचा उल्लेख मोकळेपणाने होणार असल्यामुळे ज्यांना रसभंग टाळायचा आहे त्यांनी पुढे वाचू नये, ही विनंती.

दहा भागांचे हे पर्व डिसेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१६ या काळात अमेरिकेतल्या सायफाय वाहिनीवर दाखवले गेले होते. मी ते आता प्राइम व्हिडिओवर पाहिले. तेविसाव्या शतकात पृथ्वीवर संयुक्त राष्ट्रांचे राज्य आहे, मंगळ ही स्वतंत्र लष्करी सत्ता आहे, आणि लघुग्रहांच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या राबणारे ‘बेल्टर’ या दोघांनाही कच्चा माल पुरवत स्वतः मात्र हवा-पाण्याला मोताद झाले आहेत. बर्फ वाहून नेणारे ‘कँटरबरी’ हे जहाज पहिल्याच भागाच्या शेवटी अण्वस्त्रांनी उडवले जाते आणि त्यातून वाचलेल्या होल्डन या अधिकाऱ्याच्या तुकडीची पळापळ सुरू होते. दुसरीकडे सेरीस या लघुग्रहावरचा मिलर हा पोलीस ज्युली माओ या बेपत्ता मुलीचा माग काढतो आणि न्यूयॉर्कमध्ये क्रिसजेन अवासरला ही मुत्सद्दी पडद्याआडून सूत्रे हलवते.

माझी अडचण अशी की पहिले तीन भाग कोण कोणाच्या बाजूने आहे हे उमजण्यातच गेले. चौथ्या भागातल्या ‘डॉनेजर’ या मंगळाच्या युद्धनौकेवरच्या लढाईने मला अक्षरशः खिळवून ठेवले, आणि तिथून पुढे मालिका सोडवली नाही. मात्र मिलर आणि होल्डन यांची गाठ थेट आठव्या भागात पडते, आणि दहावा भाग संपतो तेव्हा इरॉस या लघुग्रहावर नेमके काय घडते आहे याचा उलगडा अर्धवटच झालेला असतो. तेव्हा हे पर्व स्वतंत्रपणे पाहिल्यास आपल्याला पूर्ण वाटते का? आणि एक बारीक शंका : मिलर पेल्यात मद्य ओततो तेव्हा धार बाजूला वळलेली दिसते, हे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे काय?

परिवलन

आपल्या शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण या पर्वाचे बळ माझ्या मते विज्ञानाकडे पाहण्याच्या त्याच्या दृष्टीत आहे.

सेरीसचा व्यास सुमारे ९४० किलोमीटर आहे आणि त्याचे स्वतःचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या जेमतेम तीन टक्के. कथेत माणसांनी हा अख्खा लघुग्रह गरागरा फिरवून आतल्या बोगद्यांमध्ये कृत्रिम वजन निर्माण केले आहे. फिरत्या गोलात वरून सोडलेली वस्तू सरळ खाली न पडता किंचित बाजूला पडते, याला कोरिऑलिस परिणाम म्हणतात, आणि ती वळलेली धार त्याच परिणामाची आहे. तत्त्व बरोबर आहे, प्रमाण मात्र चुकले आहे. पृथ्वीच्या साधारण एक तृतीयांश वजन मिळवायचे तर एवढ्या मोठ्या गोलाला सुमारे चाळीस मिनिटांत एक फेरी पूर्ण करावी लागेल, आणि इतक्या संथ फेऱ्यात दहा सेंटीमीटर उंचीवरून पडणारी धार मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकीही सरकणार नाही. डोळ्यांना दिसेल अशी वळलेली धार हवी असेल, तर मिलरची खोली फिरण्याच्या अक्षापासून काही शे मीटरांच्या आतच असावी लागेल. त्याहून मोठी अडचण अशी की या वेगाने फिरवलेला खडक-बर्फाचा गोळा त्या ताणाखाली टिकणारच नाही, तो फुटून विखरेल.

तरीही मी त्या दृश्याच्या बाजूने आहे. एका शब्दाचेही स्पष्टीकरण न देता, ही माणसे पृथ्वीवर राहत नाहीत, एवढे त्यातून प्रेक्षकाला कळते. आणि अंतराळयानात माणसे मुंबईतल्या कचेरीत वावरावीत तशी निवांत फिरताना दाखवणाऱ्या मालिकांची संख्या पाहता ही काळजी मला मोलाची वाटते. या मालिकेतली जहाजे पाहा : तळाशी इंजिन आणि त्याच्यावर एकावर एक मजले. इंजिन चालू आहे तोवर त्वरणामुळे पाय जमिनीला टेकतात. ते बंद झाले की वजन नाहीसे होते आणि चुंबकी बुटांचा आधार घ्यावा लागतो. निम्मी वाट सरल्यावर वेग कमी करण्यासाठी जहाज पूर्ण उलटे फिरवून इंजिनाचे तोंड पुढे करावे लागते. पहिल्या भागात मदतीची हाक ऐकून ‘कँटरबरी’ वाट बदलते, त्या वेळी सगळ्यांना आधी आसनांना जखडून घ्यावे लागते, आणि तेव्हाच प्रेक्षकाला समजते की या विश्वात नुसते वळण घेणेदेखील शरीराला सोसावे लागते. अति त्वरणात रक्तवाहिन्या फुटू नयेत म्हणून आसनातून सुया टोचून दिले जाणारे ते औषध, ज्याला सगळे नुसते ‘ज्यूस’ म्हणतात, तेही याच विचारातून आलेले आहे.

‘डॉनेजर’वरचा प्रसंग आपण उल्लेखलात. होल्डनच्या तुकडीतला शेड बोलत असतो, एक गोळा जहाजाच्या भिंती भेदून आरपार निघून जातो, आणि क्षणभरानंतर ध्यानात येते की त्याचे डोके जागेवर नाही. त्यानंतर हंबरडा फोडायलाही कोणाला सवड नसते, कारण भिंतीला दोन भोके पडलेली असतात आणि खोलीतली हवा बाहेर निघालेली असते. हाताला लागेल त्या वस्तूने आधी ती बुजवावी लागतात. शोकाला हवेच्या मागे रांगेत उभे करणारा हा प्रसंग मी दूरचित्रवाणीवर पाहिलेल्या उत्कृष्ट प्रसंगांपैकी एक मानतो. मालिकेचे सूत्रधार नरेन शंकर यांनी कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेतलेली आहे आणि त्याआधी ‘स्टार ट्रेक’च्या एका मालिकेसाठी विज्ञान-सल्लागार म्हणून काम केलेले आहे, त्या शिस्तीची खूण जागोजागी जाणवते.

कातळकडा

परिवलन यांचे म्हणणे मान्य आहे, पण मला त्यात भर घालावीशी वाटते, कारण हे विज्ञान केवळ अचूकतेच्या हौसेपायी आलेले नाही. या कथेतला सगळा अन्याय त्याच्याच आधारावर उभा आहे.

सेरीसच्या चौकात एक वक्ता गर्दीला सांगत असतो की इथे एके काळी हजार पिढ्यांना पुरेल एवढा बर्फ होता आणि पृथ्वी-मंगळाने तो ओरबाडून नेला. म्हणूनच ‘कँटरबरी’ला शनीच्या कड्यांपर्यंत जाऊन बर्फ आणावा लागतो, आणि म्हणूनच एक मालवाहू जहाज बुडाले तर सेरीसवर पाण्याच्या कपातीची भीती पसरते. पाण्याच्या टँकरची वाट पाहत दुष्काळी उन्हाळे काढलेल्या आपल्याकडच्या माणसाला या भीतीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मिलर ज्या माणसाकडून पैसे खातो तो वस्तीतल्या हवेच्या गाळण्या बदलण्यात टाळाटाळ करत असतो आणि तिथली मुले खोकत असतात. नंतर मिलर त्याला हवाबंद दालनात कोंडून आतली हवा कमी करत नेतो, तेव्हा प्रेक्षकाला समाधान वाटते खरे, पण हवा हे इथे शिक्षेचेही हत्यार आहे, हेही त्याच वेळी लक्षात येते.

आणि गुरुत्वाकर्षण? पहिल्याच भागात अवासरला घराच्या गच्चीवर नातवाशी खेळताना दिसते आणि तिथून निघून एका बेल्टर कैद्याच्या चौकशीला जाते. कमी वजनात वाढलेल्या त्या उंच, काटकुळ्या माणसाला आकड्यांवर टांगून ठेवलेले आहे. त्याला कोणी हातही लावत नाही. आपल्याला ज्याची जाणीवही होत नाही ते पृथ्वीचे साधे वजनच त्याचा छळ करण्यास पुरेसे आहे. बेल्टर हे मालिकेत शोषित वर्ग म्हणून येतात हे तर दिसतेच. पण शोषण त्यांच्या हाडांत उतरलेले आहे, त्यामुळे मनात आले तरी त्यांना पृथ्वीवर परतता येणार नाही, ही कल्पना मला फार दूरवर जाणारी वाटली.

सांजवारा, पहिले तीन भाग गुंतागुंतीचे वाटले हे आपले म्हणणे खरे आहे. परंतु पाचव्या भागाची सुरुवात पुन्हा एकदा पाहावी, अशी विनंती करतो. अँडरसन स्थानकावर कामगार उठाव करतात, कारण प्राणवायूच्या कमतरतेने त्यांच्या मुलांच्या मेंदूवर कायमचा परिणाम झालेला असतो. एक बाप आपल्या मुलीला जवळ घेऊन ते जगाला सांगू पाहतो, शरणागतीही पत्करतो, आणि तरीही स्थानक उद्ध्वस्त केले जाते. त्या हल्ल्याचे नेतृत्व करणाऱ्या फ्रेड जॉन्सनला ‘कसाई’ का म्हणतात हे त्या काही मिनिटांत कळते, आणि आधीच्या भागांत बेल्टरांच्या तोंडी येणारा संताप पुरता समजतो. तो प्रसंग पहिल्या भागात असता तर अनेक प्रेक्षक टिकले असते. रचनेतली ही चूक मी मान्य करतो.

नीरक्षीर

वरचे दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, तथापि या पर्वाची बलस्थाने सांगताना त्याची मोठी उणीव बाजूला राहते आहे असे मला वाटते, आणि ती उणीव माणसांच्या चित्रणात आहे.

होल्डन हा कथेचा नायक म्हणून समोर येतो, पण या दहा भागांत तो बहुतेक वेळा इतरांच्या घडवण्याने घडतो. ‘कँटरबरी’च्या नाशानंतर मंगळाकडे बोट दाखवणारा संदेश तो साऱ्या सूर्यमालेत पसरवतो, आणि त्या एका कृतीने युद्धाची ठिणगी पडते. एवढ्या मोठ्या परिणामाची कृती करणाऱ्या माणसाच्या मनात डोकावण्याची संधी लेखकांनी घ्यायला हवी होती. त्यापेक्षा त्याच्या तुकडीतला एमॉस कितीतरी ठसठशीत उतरला आहे : शेवटच्या भागात जहाज निघण्यावरून वाद पेटतो तेव्हा तो मिलरच्या जुन्या मित्राला गोळी घालतो आणि त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही.

माझा दुसरा आक्षेप मिलर आणि ज्युली यांच्याविषयी आहे. जिला तो कधी भेटलेला नाही, त्या मुलीच्या चित्रफिती पाहत, तिच्या रिकाम्या खोलीत बसत तो तिच्यात गुंतत जातो, आणि इरॉसवरच्या खोलीत तिचा मृतदेह सापडतो तेव्हा कथा सगळे दुःख मिलरच्या पदरात टाकते. थॉमस जेन यांनी ही भूमिका मनापासून केली आहे, यात वाद नाही. पण ज्युली ही धनाढ्य बापाचे घर सोडून बेल्टरांच्या बाजूने उभी राहिलेली, स्वतःच्या बळावर लढलेली तरुणी आहे, आणि नवव्या भागाच्या सुरुवातीचा तिचा स्वतःचा प्रवास वगळला तर ती आपल्याला दुसऱ्याच्या नजरेतूनच दिसते. तो नववा भाग इतका परिणामकारक ठरतो याचे कारणही हेच आहे की तिथे कॅमेरा अखेर तिच्याबरोबर राहतो.

अवासरलाबद्दल मात्र मी कोणतीही तक्रार करणार नाही. शोहरे अगदाशलू या मूळच्या इराणच्या अभिनेत्रीने तो खर्जातला आवाज, ती भरजरी वस्त्रे आणि दागिने यांच्याआड जी धार ठेवली आहे ती पाहण्यासारखी आहे. मंगळावरचा राजदूत असलेल्या आपल्या जुन्या स्नेह्याचा विश्वास ती देशहितासाठी वापरते आणि त्यात त्याचे पद जाते. भारतीय वंशाची आजी दाखवायची म्हणजे ती ममताळूच असली पाहिजे, ही अपेक्षा या पर्वाने साफ मोडून काढली, याचा मला आनंद आहे.

सांजवारा

आपणा तिघांचेही आभार. पाचव्या भागाची सुरुवात पुन्हा पाहिली. कातळकडा यांचे म्हणणे पटले. नीरक्षीर यांचा ज्युलीबद्दलचा आक्षेपही पटतो, तरी मिलरच्या एकटेपणाला तो एक कोपरा आवश्यक होता असे मला वाटते. ज्याची स्वतःच्याच बेल्टर लोकांत ‘पृथ्वीवाल्यांचा चाकर’ म्हणून संभावना होते, त्याला आपलेपणा कुठे शोधता आला असता? पर्वाच्या अर्धवट शेवटाबद्दल मात्र अजून कोणी लिहिलेले नाही.

शिलालेख

त्याचे उत्तर मूळ पुस्तकांत आहे. ही मालिका जेम्स एस. ए. कोरी या नावाने लिहिलेल्या कादंबऱ्यांवर आधारलेली आहे. डॅनियल अब्राहम आणि टाय फ्रँक या दोन लेखकांचे ते जोडनाव. २०११ साली आलेली पहिली कादंबरी पहिल्या पर्वात पूर्ण बसवलेलीच नाही. इरॉसचे प्रकरण तडीस जाते ते दुसऱ्या पर्वाच्या पाचव्या भागात, आणि मिलर-ज्युली यांच्या कथेलाही तिथेच तिचा खरा शेवट मिळतो. त्यामुळे नीरक्षीर यांनी आपला आक्षेप त्या भागापर्यंत राखून ठेवावा, असे सुचवतो. तो पूर्ण मावळेल असे मी म्हणत नाही, पण त्याला उत्तर देण्याचा प्रयत्न तिथे नक्की झाला आहे.

आणखी एक गोष्ट. पहिल्या कादंबरीत अवासरला नाहीच. ती दुसऱ्या कादंबरीत येते. मालिकेने तिला सुरुवातीपासून आणले, म्हणून कथेचा तिसरा धागा वाढला आणि सांजवारा यांना जाणवलेला गुंताही वाढला. माझ्या मते हा सौदा योग्य होता. तिच्याशिवाय पृथ्वीची बाजू केवळ बातम्यांतून कळली असती आणि बेल्टरांवर होणारा अन्याय कोणाच्या सहीने होतो हे दिसले नसते. पण त्याची किंमत म्हणून होल्डनच्या तुकडीला मिळायला हवा होता तो वेळ कमी झाला, हेही तितकेच खरे.

तेव्हा हे पर्व स्वतंत्रपणे पूर्ण आहे का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, जरी त्याच्या शेवटच्या भागाला २०१७ साली विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला असला तरी. पहिली दहा आणि पुढची पाच असे पंधरा भाग सलग पाहावेत. सांजवारा, आपण दुसरे पर्व अद्याप सुरू केलेले नसेल, तर इरॉसचे तपशील ताजे असतानाच ते सुरू करा; ‘होम’ नावाच्या पाचव्या भागापर्यंत पोहोचलात की याच धाग्यावर लिहा.