ओव्हन न वापरता, प्रथिने खरोखर भरपूर असलेला गोड खाऊ घरी कसा करावा?

रानजाई (मानेवाडा, नागपूर)

नमस्कार. माझी मुलगी पोलीस भरतीची तयारी करीत आहे. पहाटे मैदानावर ८०० मीटर धावण्याचा आणि गोळाफेकीचा सराव आटोपून ती तशीच अभ्यासिकेत जाते आणि दुपारच्या जेवणालाच घरी येते. या मधल्या वेळेसाठी डब्यात नेता येईल असा, गोड पण पोटाला आधार देणारा खाऊ तिला हवा असतो. बाजारातले प्रोटीन बार रोज घेणे आम्हाला परवडत नाही आणि त्यांपैकी बऱ्याच बारच्या वेष्टनावर साखरेचे प्रमाण पाहिले की ते घ्यावेसेही वाटत नाहीत.

आमच्याकडे ओव्हन नाही, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकलेला असताना बेसन भाजत गॅससमोर उभे राहणे मला शक्य नाही. म्हणून सध्या मी खजूर, बदाम आणि काजू यांचे लाडू करते. ते चवीला चांगले होतात, परंतु माझ्या दोन शंका आहेत. एक म्हणजे या लाडवांतून तिला प्रथिने खरोखर किती मिळतात, कारण सगळेजण यांना पौष्टिक म्हणतात, पण आकडा कोणी सांगत नाही. दुसरी शंका टिकाऊपणाची आहे: उन्हाळ्यात दुपारपर्यंत लाडू मऊ पडून एकमेकांना चिकटतात, आणि प्रोटीन पावडर मिसळली तर उलट इतके कोरडे होतात की हातात घेताच त्यांचा भुगा होतो. ज्यांनी असा खाऊ नियमित केला आहे, त्यांनी प्रमाणासह मार्गदर्शन करावे, ही विनंती.

जवसफूल

रानजाई ताई, आपली पहिली शंका अगदी रास्त आहे, म्हणून तिचेच उत्तर सविस्तर देतो. खजुरात १०० ग्रॅममागे प्रथिने जेमतेम दोन-अडीच ग्रॅम आणि साखर मात्र ६५ ग्रॅमच्या आसपास असते. बदाम-काजूत प्रथिने १८ ते २१ ग्रॅम असतात, पण स्निग्धांश त्याच्या दुपटीहून जास्त असतो. समजा ३०० ग्रॅम खजूर आणि १५० ग्रॅम सुकामेवा घेतला, तर एकूण प्रथिने ३५ ग्रॅमच्या आसपास भरतील, म्हणजे ३० ग्रॅमच्या एका लाडवात सव्वादोन-अडीच ग्रॅम. हा लाडू वाईट नाही, धावून आलेल्या मुलीला त्यातून तरतरीही येईल, परंतु त्याला प्रथिनयुक्त म्हणणे बरोबर होणार नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली केलेल्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढ व्यक्तीला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. मुलीचे वजन ५५ किलो धरले, तर हा आकडा ४६ ग्रॅमच्या जवळ जातो. रोज कसून सराव करणाऱ्यांसाठी किलोमागे १.२ ग्रॅम किंवा त्याहूनही अधिक प्रथिने सुचवली जातात. वरण, पोळी, दही, उसळ यांतून यातला मोठा वाटा येतोच. खाऊने उरलेली तूट भरून काढायची आहे, एवढेच त्याचे काम.

त्यासाठी सुकामेवा आणि खजूर यांची जागा बदलावी लागेल. लाडवाचा पाया फुटाण्याच्या डाळीचा असावा, शेंगदाणे आणि साय काढलेल्या दुधाची पावडर त्याच्या जोडीला असावी, आणि खजूर केवळ बांधणीपुरता घ्यावा. माझे प्रमाण असे आहे: फुटाण्याच्या डाळीचे पीठ २०० ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे १५० ग्रॅम, दूध पावडर १०० ग्रॅम, भाजलेले तीळ ५० ग्रॅम, बिया काढलेला मऊ खजूर २०० ग्रॅम आणि तूप दोन मोठे चमचे. यात फुटाण्यांतून सुमारे ४० ग्रॅम, दाण्यांतून ३७, दूध पावडरीतून ३५, तिळातून ९ आणि खजुरातून ४, अशी एकूण १२५ ग्रॅम प्रथिने येतात. याचे ३० ग्रॅमचे २४ लाडू होतात आणि प्रत्येकात पाच ग्रॅमहून थोडी अधिक प्रथिने असतात. उष्मांक प्रत्येकी सव्वाशेच्या घरात जातात. तीन लाडू खाल्ले तर दिवसाच्या किमान गरजेचा तिसरा हिस्सा पूर्ण होतो.

हे घटक एकत्र घेण्याला आणखी एक कारण आहे. प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांपैकी लायसीन हरभऱ्याच्या प्रथिनांत भरपूर असते पण मेथिओनीन कमी पडते, तिळात नेमके उलट असते, आणि दुधात दोन्ही असतात. त्यामुळे एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

आणि एक सावधगिरी: गॅस टाळायचा म्हणून कच्चे बेसन किंवा कच्चे सोयाबीनचे पीठ कृपया वापरू नये. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनाला अडथळा आणणारे घटक असतात आणि ते पुरेशी उष्णता दिल्याशिवाय निष्प्रभ होत नाहीत. आपल्या विदर्भात सोयाबीन मुबलक पिकते म्हणून अनेकजण ते सरळ दळून आणतात, म्हणून मुद्दाम लिहिले. फुटाणे तापलेल्या वाळूत भाजलेले असतात, त्यामुळे त्यांचे पीठ तसेच खाता येते.

खलबत्ता (महाल)

वर दिलेले प्रमाण योग्य आहे. मी कृतीविषयी लिहिते, कारण लाडू मऊ पडणे किंवा त्याचा भुगा होणे, हे दोन्ही दोष बहुतेक वेळा दळण्याच्या क्रमातून येतात.

फुटाण्याची डाळ आधी एकटी, कोरड्या भांड्यात दळावी आणि चाळून घ्यावी. दळण्यापूर्वी ती कुरकुरीत असणे आवश्यक आहे. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवर ताटात पसरून तासभर ऊन दिले की पुरते, पावसाळ्यात मात्र कढईत दोन मिनिटे गरम करावीच लागते. दाणे भाजलेलेच विकत मिळतात. इतवारीच्या ठोक बाजारातून आणले तर स्वस्तही पडतात, पण घरी आल्यावर ते एकदा निवडावेत. सुरकुतलेले, काळपट किंवा बुरशीचा वास येणारे दाणे टाकूनच द्यावेत, कारण त्या बुरशीतून तयार होणारे विष भाजल्यानेही पूर्णपणे जात नाही.

दाण्यांची साले काढून ते थांबत थांबत फिरवावेत आणि कूट ओलसर होऊन भांड्याच्या कडेला धरू लागला की थांबावे. या टप्प्यावर दाण्यांचे स्वतःचे तेल सुटलेले असते आणि लाडवाची खरी बांधणी तेच करते. त्यातच खजूर घालून पुन्हा फिरवावा म्हणजे एकजीव गोळा तयार होतो. हा गोळा परातीत काढून त्यात पीठ, दूध पावडर आणि तीळ थोडे थोडे मिसळत तळहाताने चांगले मळावे. सगळे घटक एकाच वेळी भांड्यात टाकले तर कोरडे पीठ खजुराचा ओलावा आधी शोषून घेते आणि दाण्याच्या तेलाला त्यात शिरायला वाव राहत नाही. मिश्रण कोरडे वाटले तर दूध शिंपडण्याचा मोह टाळावा, कारण त्या ओलाव्याने लाडू दोन दिवसांत आंबूस होतो. त्याऐवजी दाण्यांचा ओलसर कूट वाढवावा.

उन्हाळ्यात मी तूप घालतच नाही. गायीचे असो वा म्हशीचे, तूप नागपूरच्या उन्हाळ्यात घट्ट राहत नाही, आणि ते पातळ झाले की लाडू बसकण मारतो. खोबरेल तर २५ अंशांच्या आतच वितळते, तेव्हा इंटरनेटवरच्या ज्या कृतींत ते घट्टपणासाठी घातलेले असते, त्या आपल्या हवेला उपयोगी नाहीत. लाडवाऐवजी ताटात थापून पातळ वड्या पाडल्या आणि फ्रिजमध्ये रात्रभर ठेवल्या, तर त्या अधिक नीट राहतात.

खरे तर असा खाऊ आपल्या घरांत नवा नाही. दाण्याच्या कुटाचे गुळातले लाडू पाकाशिवायच होतात. सातूचे पीठ भाजलेल्या गव्हाचे आणि डाळव्याचे असते, त्यात वेलची-सुंठ असते, आणि ते गूळ घालून दुधात कालवले की चुलीजवळ जावेही लागत नाही. पाव लिटर दुधातूनच आठ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात, पिठातली त्यावर वेगळी. मुलगी घरी असेल त्या दिवशी लाडवापेक्षा मी तिला सातूच देईन. आपल्या आजी-पणजींनी उन्हाळ्यासाठी केलेली ही योजना आजच्या खेळाडू मुलींपर्यंत पोहोचावी, असे मला मनापासून वाटते.

धावपट्टी

मी स्वतः भरतीसाठी सराव करतो, त्यामुळे प्रोटीन पावडरीबद्दल थोडे लिहितो. वरच्या प्रमाणात तिची गरज नाही, हे मला मान्य आहे. परंतु ताईंकडे ती आधीच असेल, तर फुटाण्याचे ६० ग्रॅम पीठ कमी करून तितकीच व्हे पावडर (दुधाच्या निवळीतल्या प्रथिनांची पावडर) घालता येईल. त्यामुळे एका लाडवातली प्रथिने पाच ग्रॅमवरून साडेसहापर्यंत जातात, कारण बहुतेक व्हे पावडरींत प्रथिनांचे प्रमाण ७० ते ८० टक्के असते.

भुगा होण्याचे कारण असे की ही पावडर पाणी फार लवकर ओढते, आणि लाडू तयार झाल्यावरही खजुरातला ओलावा खेचत राहते. म्हणून पहिल्या दिवशी मऊ असलेला लाडू चार-पाच दिवसांत दगडासारखा होतो. यावर उपाय म्हणजे पावडर आधी दाण्यांच्या तेलकट कुटात मिसळावी आणि खजूर नंतर घालावा. तसेच असे लाडू तीन-चार दिवसांपुरतेच करावेत. गरम पाकात ती कधीही घालू नये, कारण ७० अंशांच्या पुढे व्हेची प्रथिने गोळा होऊन मिश्रण रवाळ बनते. त्यामुळे पोषण कमी होत नाही, पण खाताना घशात अडकल्यासारखे वाटते.

खाण्याच्या वेळेबद्दलही एक सूचना आहे. धावण्याच्या अगदी आधी हे लाडू देऊ नयेत, कारण दाणे आणि डाळव्याने पोट जड राहते. सराव संपल्यावर पाणी पिऊन मग दोन खावेत.

रानजाई

आपणा सर्वांची मी अत्यंत आभारी आहे. खजूर बांधणीपुरता ठेवून पाया फुटाण्यांचा घ्यायचा, हे आता स्पष्ट झाले. आणखी दोन गोष्टी विचारते. माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे आणि घरात लाडू झाले की त्यांनाही खावेसे वाटतात. खजुराऐवजी गूळ घातला तर त्यांना चालेल का? आणि मुलीला संत्र्याची चव फार आवडते, ती या खाऊत कशी आणता येईल?

जवसफूल

गुळाबद्दल गैरसमज फार आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. गूळ हा बहुतांशी साखरच असतो आणि त्याने रक्तातली साखर वाढतेच. वरच्या प्रमाणातल्या एका लाडवात खजुराची सुमारे साडेपाच ग्रॅम आणि दूध पावडरीतली दोन ग्रॅम, अशी साडेसात ग्रॅम साखर जाते. सासूबाईंनी जेवणानंतर वरून न खाता मधल्या वेळच्या खाण्याऐवजी एखादा लाडू खाल्ला, तर हिशेब ठेवणे सोपे जाईल. तरी त्यांच्या डॉक्टरांना हा आकडा दाखवून विचारावे. मधुमेहाबरोबर मूत्रपिंडाचाही त्रास असेल तर प्रथिनांवरही मर्यादा असते, त्यामुळे ती चौकशी आधी करावी.

त्यांच्यासाठी लाडवापेक्षा चक्का अधिक सोयीचा वाटतो. दही फडक्यात बांधून रात्रभर फ्रिजमध्येच टांगावे, कारण आपल्या उन्हाळ्यात बाहेर ठेवले तर सकाळपर्यंत ते आंबट होते. १०० ग्रॅम चक्क्यात दोन मोठे चमचे फुटाण्याचे पीठ आणि वेलची घोटली की बारा ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात, आणि हवी तर गोडीसाठी संत्र्याच्या दोन-तीन फोडी सोलून घालता येतात.

लाडवात मात्र संत्र्याचा रस किंवा गर घालू नये, कारण तो एका दिवसात बुरशी आणतो. चव सालीतून घ्यावी. संत्र्याचे दोन हंगाम असतात: आंबिया बहाराची फळे दिवाळीच्या सुमारास येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. त्या काळात फळे स्वच्छ धुऊन, सालीचा फक्त नारिंगी पापुद्रा किसून सावलीत वाळवून ठेवावा. आतला पांढरा भाग येऊ देऊ नये, त्याने कडवटपणा येतो. ही पूड बाटलीत महिनोन्महिने राहते आणि वरच्या प्रमाणाला एक लहान चमचा पुरते.

खलबत्ता (महाल)

सालीची पूड पिठात न मिसळता खजुराबरोबर फिरवावी, म्हणजे तिचा सुगंध सगळीकडे सारखा पसरतो. वड्या उन्हाळ्यात फ्रिजबाहेर चार दिवसांपेक्षा जास्त ठेवू नयेत, त्यापुढे दाण्यांना खवट वास येऊ लागतो. फ्रिजमध्ये घट्ट झाकणाच्या डब्यात पंधरा दिवस राहतात. सकाळी डबा भरताना प्रत्येक वडी बटर पेपरमध्ये वेगळी गुंडाळावी आणि डबा दप्तरात पाण्याच्या गार बाटलीला लागून ठेवावा, म्हणजे दुपारपर्यंत त्या चिकटणार नाहीत.