मदत हवी आहे: चावी बंद असताना अल्टरनेटर बॅटरी उतरवतो आहे, दोष डायोडचा की रेग्युलेटरचा?

नमस्कार. आमचा डिझेलवर चालणारा मालवाहू टेम्पो सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतून चादरी-टॉवेलचे गठ्ठे शहरातल्या गोदामांत पोहोचवतो. शनिवारी संध्याकाळी उभी केलेली गाडी सोमवारी सकाळी सेल्फ घेत नाही, आणि वडिलांना गल्लीतल्या पोरांना हाका मारून धक्का द्यायला लावावे लागते. बॅटरी ६५ अँपिअर-तासांची आहे, फारशी जुनी नाही, आणि बाहेर काढून पूर्ण चार्ज केल्यावर दोन दिवस तशीच ठेवली तरी १२.६ व्होल्ट दाखवते. त्यामुळे बॅटरी बदलण्याचा सल्ला मला पटला नाही व मी मल्टिमीटर घेऊन स्वतः शोध सुरू केला.

बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून ती वायर आणि बॅटरीचा खांब यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून जोडला. केबिनचा दिवा लागू नये म्हणून दाराचे लॅच पेचकसाने दाबून बंद केले आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबलो. चावी बंद असताना ०.९ अँपिअर प्रवाह वाहत होता. साधारणपणे तो ०.०५ च्या आत असावा लागतो. छत्तीस तासांत एवढ्या प्रवाहाने सुमारे ३२ अँपिअर-तास खर्च होतात, म्हणजे बॅटरी निम्मी रिकामी होते. सोमवारच्या त्रासाचा हिशेब इथे जुळला.

एकेक फ्यूज काढून पाहिला, तर रेडिओच्या फ्यूजने जेमतेम ०.०२ चा फरक पडला आणि बाकी सगळे फ्यूज काढूनही आकडा हलला नाही. मग बॅटरीची जोडणी सोडवून अल्टरनेटरच्या (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या) बी-प्लस खांबावरची, म्हणजे बॅटरीच्या पॉझिटिव्हकडे जाणारी, जाड वायर काढली, तिच्या टोकाला टेप गुंडाळला आणि पुन्हा मोजले, तेव्हा प्रवाह ०.०२ वर आला. जाड वायर परत लावून अल्टरनेटरचा छोटा प्लग काढून पाहिला, तरी ०.९ कायम राहिला. म्हणजे गळती अल्टरनेटरच्या आतच आहे आणि ती जाड वायरीतूनच होते. पहाटे इंजिन थंडगार असताना अल्टरनेटरची मागची बाजू हाताला कोमट लागते, आणि चावी बंद असतानाही पुलीजवळ धरलेला पेचकस तिच्याकडे ओढला जातो. याचा अर्थ रोटरच्या (अल्टरनेटरमधल्या फिरत्या चुंबकाच्या) वाइंडिंगमधून सतत प्रवाह वाहतो आहे, असे मला वाटते.

आता अडचण अशी, की या लक्षणांची दोन कारणे संभवतात. एक, रेग्युलेटर (रोटरचा प्रवाह कमी-जास्त करून व्होल्टेज आवरणारा भाग) बंदच होत नाही. दुसरे, एखादा पॉझिटिव्ह डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देऊन एसीचा डीसी करणारा भाग) शॉर्ट होऊन त्याच्यामार्फत रोटरला वीज मिळते. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.२ व्होल्ट आणि हेडलाइट लावल्यावर १३.९ मिळतात, म्हणून डायोड निर्दोष असावेत असा माझा कल आहे. मात्र बॅटरी सोडवून, मीटर डायोडच्या चिन्हावर ठेवून, लाल टोक अल्टरनेटरच्या बॉडीला आणि काळे बी-प्लसला लावले, तेव्हा सुमारे ०.५ व्होल्ट आले. मार्ग दोन डायोडांतून जात असेल, तर ते एकच्या आसपास यायला हवे होते. हा ०.५ शॉर्ट झालेल्या डायोडमुळे आला, की रेग्युलेटरच्या ट्रान्झिस्टरमधून आणि रोटरमधून वेगळा मार्ग मिळाल्यामुळे, हे मला ठरवता येत नाही.

जाणकारांना माझे दोन प्रश्न आहेत. पहिला असा, की ब्रश होल्डरसह (रोटरला वीज पोहोचवणाऱ्या ब्रशांच्या खोबणीसह) रेग्युलेटर काढून हेच मोजमाप पुन्हा केले आणि आकडा एकच्या जवळ गेला, तर डायोड निर्दोष मानून फक्त रेग्युलेटर बदलणे योग्य ठरेल का? दुसरा प्रश्न इंजिन चालू असताना बॅटरीवरचा एसी तरंग, म्हणजे डीसीत उरलेला एसीचा अंश, मोजण्याचा आहे. माझा स्वस्त मीटर एसीच्या २०० व्होल्टच्या खाचेवर बंद गाडीच्या बॅटरीवरही २८ च्या आसपास दाखवतो आणि टोके उलटी केली की शून्य दाखवतो, त्यामुळे तो डीसी आणि एसी वेगळे करू शकत नाही हे उघड आहे. लाल टोकाशी ओळीत एक मायक्रोफॅरडचा, प्लस-मायनस नसलेला कपॅसिटर लावला, तर डीसी अडून निव्वळ तरंग मोजता येईल का, आणि ०.५ व्होल्टच्या वर आकडा आला तर डायोड खराब समजावा का?

गॅरेजमध्ये पूर्ण अल्टरनेटर बदलायला सांगितले आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात बॉनेटखालची उष्णता भयंकर असते आणि जुना अल्टरनेटर तेवढ्यासाठी बदलावा लागला, तर आमची तक्रार नाही. परंतु एका छोट्या भागाने काम होत असेल, तर तो खर्च वडिलांवर पडू नये असे मनापासून वाटते. गाडी रविवारी घरीच उभी असते, तेव्हा आपण सांगाल ती मोजमापे घेऊन आकडे इथे लिहीन.